फोन बंद ठेवा, पण का?

विमानप्रवासाविषयी लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, अशी शंका वाचकांना येईल आणि ती रास्तच आहे. आजपर्यंत मी विमानात बसले आहे ती दोनदाच. एकदा बेळगावहून सुरतेला जाताना आणि एकदा परत येताना. परंतु रोज एस.टी.ने जाणाऱ्याला एस.टी. दिसेनाशी होते, पहिल्यांदा बसणाऱ्याला मात्र तिचा खिळा न् खिळा दिसतो. तसेच माझे झाले. त्या प्रवासात जे पाहिले, आणि खरे सांगायचे तर जे माझ्याच हातून घडले, त्यावरून एक विचार मनात घर करून बसला आहे. तो येथे मांडते.

माझा जन्म सुरतेचा. अप्पा मूळचे बेळगावच्या वडगावातले विणकर. इकडचे काम कमी झाले तेव्हा ते सुरतेला गेले आणि एका लूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून लागले. दहावीपर्यंत मी तिथल्या महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकले. (सुरतेत पालिकेच्या मराठी शाळा आहेत हे इकडे पुष्कळांना खरे वाटत नाही. खानदेशातून गेलेली कितीतरी कुटुंबे लिंबायत-उधन्याकडे राहतात, त्यांची मुले या शाळांत शिकतात.) अकरावीला मी बेळगावला आजीजवळ आले. आजी माझ्याशी कानडीत बोलते, मी तिला मराठीत उत्तर देते, आणि आमचे दोघींचे उत्तम जमते.

२०२२ साली, मी अकरावीत असताना, अप्पांचा उजवा हात लूममध्ये सापडला. रात्री फोन आला. रेल्वेने जायचे तर जवळजवळ दिवस मोडणार. त्या काळात सांबरा विमानतळावरून सुरतेला थेट विमान होते. अप्पांच्या शेठजींनी दोन तिकिटे काढून पाठवली आणि दुसऱ्या दिवशी मी व आजी, दोघी जन्मात पहिल्यांदा, विमानात बसलो.

विमान लहान होते, पन्नास आसनांचे. एका बाजूला दोन-दोन खुर्च्या, दुसऱ्या बाजूला एकेक. आम्ही दोघी जोडीने बसलो आणि पलीकडच्या एकट्या खुर्चीवर सुरतेचे एक कापडवाले गृहस्थ. ते बसल्यापासून फोनवर ग्रे कापडाचा सौदा करीत होते. मीटरमागे किती पैसे, माल कधी उचलणार, सारे आम्हाला ऐकू येत होते. मी माझा फोन शालीखाली धरून आईला संदेश लिहीत होते, कारण अप्पांना शस्त्रक्रियेसाठी आत नेले होते आणि बोटे वाचतील की नाही हे कुणी सांगत नव्हते. आजी आपला बटणांचा फोन घट्ट धरून बसली होती. त्याला ‘फ्लाइट मोड’ वगैरे काही नव्हते.

हिंदीत आणि इंग्रजीत सूचना झाली. कुणी ऐकली नाही. मग त्या विमानातली एकुलती एक हवाईसुंदरी प्रत्येकाजवळ येऊ लागली. कापडवाल्या गृहस्थांना ती म्हणाली, “सर, प्लीज.” त्यांनी तळहात वर करून ‘एक मिनिट’ अशी खूण केली. थोड्या वेळाने ती पुन्हा आली. पुन्हा तीच खूण. मग तिची नजर माझ्या शालीकडे गेली आणि तिने मला असे काही झापले की माझे कान तापले. मला वाटले, हा कुठला न्याय? शेठला विनंती आणि पोरीला दटावणी!

मग ती आजीकडे वळली. आजीचा चेहरा, नऊवारी आणि हातातल्या बांगड्या पाहून तिने सरळ कानडीत सुरुवात केली, “अज्जी, फोन आफ माडी.” आजीने आपल्या सवयीप्रमाणे विचारले, “याकवा?” का गं बाई?

हा प्रश्न त्या विमानात दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. ती क्षणभर थांबली आणि जे म्हणाली ते मी मराठीत सांगते: “अज्जी, आता दहा मिनिटं तुमचे कान मला द्या. काही झालंच तर मी ओरडून सांगेन, काय करायचं ते. ते तुम्हाला ऐकू यायला हवं.”

आजीने फोन बंद केला, कमरेच्या पिशवीत टाकला, पिशवीची नाडी ओढली, आणि विमान वर जाईपर्यंत त्या मुलीकडे टक लावून पाहत राहिली. तिला नियमाचे कलम सांगावे लागले नाही, की दंडाची भीती घालावी लागली नाही. कारण सांगितले, तेही तिच्या भाषेत. एवढेच.

आता आपण त्या नियमाकडे वळू. विमानात मोबाईल बंद का ठेवायचा असे विचारले, तर दहापैकी नऊ जण सांगतील, “लहरींमुळे विमान पडतं.” आणि दहावा हसून म्हणेल, “रोज हजारो लोक फोन चालू ठेवतात, कुठे पडतं विमान?” गंमत अशी की दहावा फारसा चुकत नाही. प्रवाशाच्या फोनमुळेच विमान पडले, असे निर्विवाद सिद्ध झालेले उदाहरण नाही. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९९१ साली उडत्या विमानात सेल्युलर फोनला बंदी केली, ती मुख्यतः जमिनीवरच्या फोनव्यवस्थेत गोंधळ होऊ नये म्हणून. वरून जाणाऱ्या फोनला एकाच वेळी असंख्य टॉवर दिसतात. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेने आणि युरोपने, व एप्रिल २०१४ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, ‘फ्लाइट मोड’वर ठेवलेली उपकरणे सर्व वेळ वापरण्यास मोकळीक दिली. २०१८ च्या नियमांनी तर ३,००० मीटर उंचीच्या वर विमानात इंटरनेट देण्याचा मार्ग आपल्याकडेही खुला केला. मग सामान्य माणसाने काय समजावे? काल जे पाप होते ते आज पैसे भरून मिळणारी सोय झाले!

लहरींची गोष्ट अगदीच पोकळ आहे असेही नाही. फोन रेडिओजवळ ठेवला की ‘टिक-टिक-टिक’ असा आवाज येतो, तसा वैमानिकाच्या कानातल्या यंत्रातही येऊ शकतो, आणि नेमका तेव्हा खालून काही सांगितले जात असेल तर एखादा शब्द हुकतो. जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्राला ‘फाइव्ह-जी’च्या लहरींचा त्रास होईल या शंकेने जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेकडे जाणारी काही विमाने रद्द झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या दूरसंचार विभागानेही धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर अंतरात ठरावीक पट्ट्यातले ‘फाइव्ह-जी’ मनोरे उभारू नका असे कंपन्यांना कळवले. म्हणजे जाणकार सावध आहेत. पण ही सावधगिरी प्रवाशाच्या गळी उतरवण्यासाठी ‘विमान पडेल’ अशी अतिशयोक्ती केली की उलटेच होते. लहान मुलाला बागुलबुवा दाखवतात. एकदा का बागुलबुवा नाही हे कळले, की मूल आईचे दुसरे काहीच ऐकत नाही.

माझ्या मते खरे कारण लहरींत नसून लक्षात आहे. विमानवाल्यांत ‘अधिक तीन, उणे आठ’ असा एक संकेत आहे. उड्डाणानंतरची पहिली तीन मिनिटे आणि उतरण्यापूर्वीची आठ मिनिटे सर्वांत नाजूक. या अकरा मिनिटांत काही बिघडले तर विचार करायला वेळ नसतो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत जे विमान कोसळले ते हवेत अर्ध्या मिनिटाच्या आसपासच होते. त्या दुर्घटनेचा प्रवाशांच्या फोनशी मी मुळीच संबंध जोडत नाही. सांगायचे इतकेच की आपण जिला ‘एक मिनिट’ म्हणतो ती खूण विमानात फार मोठी असते.

आमच्या सुरतेचेच पाहा. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी संध्याकाळी दिल्लीला निघालेले विमान सुरतेच्या धावपट्टीवर वेग घेत असताना त्याला म्हैस धडकली! लोक अजून हसत ही गोष्ट सांगतात. सुदैवाने प्रवासी सुखरूप राहिले. पण त्या क्षणी दारे उघडून घसरपट्टीवरून उतरावे लागले असते, तर? कानांत गाणी आणि डोळ्यांपुढे चित्रपट असलेल्या माणसाला आधी जागे करावे लागले असते.

लक्ष गेल्याने काय होते याचे एक उदाहरण तर विमानातल्या सर्वांत जबाबदार माणसाचे आहे. मे २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विनहून सिंगापूरला आलेले विमान उतरत असताना कप्तानाच्या मोबाईलवर संदेश येऊ लागले. फोन चालू राहून गेला होता. तो बंद करण्याच्या खटपटीत कप्तान सहवैमानिकाच्या सूचनेला उत्तर देईना, आणि चाके वेळेवर खाली आलीच नाहीत. विमान जमिनीपासून सुमारे चारशे फुटांपर्यंत खाली येऊन पुन्हा वर न्यावे लागले. ऑस्ट्रेलियाच्या चौकशी मंडळाने हे सारे अहवालात नोंदवले आहे. त्या फोनच्या लहरींनी काहीच केले नाही. जे केले ते त्याच्या आवाजाने केले.

हे वाचले तेव्हा मला अप्पांचा हात आठवला. त्यांच्या कारखान्याच्या भिंतीवर ‘लूम चालू असताना फोन वापरू नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. पण मालकच फोन कानाला लावून लूमच्या ओळींतून फिरत असत. त्या दिवशी अप्पा तुटलेला धागा पाहत होते. खिशातला फोन वाजला, मान खाली गेली, आणि हात जिथे जाऊ नये तिथे गेला. अप्पा म्हणतात, “फोननं हात नाही धरला माझा. माझंच ध्यान गेलं.”

आणि मी? ज्या कारणासाठी विमानात बसले होते, तेच विसरले. विमान सुरतेला उतरू लागले, खाली तापीचे वळण दिसले, आणि मी हळूच फोन चालू केला. जमीन जवळ आली तसे नेटवर्क आले. आईचा संदेश होता, “बोटं वाचली. अंगठ्याला टाके.” माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. त्याच वेळी ती हवाईसुंदरी काहीतरी सांगत होती. काय, ते मला आजही ठाऊक नाही. आजीने कोपराने ढोसले आणि माझी पुढची पाटी बंद केली. बाई सांगत होती ते मराठी, हिंदी, इंग्रजी जाणणाऱ्या नातीला कळले नाही, पण फक्त कानडी जाणणाऱ्या आजीला हातवाऱ्यांवरून कळले. कारण आजीचे कान आणि डोळे तिच्याकडे होते. म्हणून प्रस्तुत लेख मी उपदेशक म्हणून लिहीत नाही. गुन्हेगार म्हणून लिहिते.

कुणी म्हणेल, खरोखर आग लागली तर माणूस आपोआप सावध होतो. पण तसे होत नाही. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेले विमान धावपट्टीवर आदळून पेटले. आतल्या ३०० जणांपैकी सर्व वाचले, हे नशीब. एका अग्निशामक जवानाला मात्र प्राण गमवावा लागला. त्या विमानातले जे चित्रीकरण पुढे सर्वत्र फिरले, त्यात धूर दिसत असताना माणसे वरचे कप्पे उघडून सामान शोधताना दिसतात. आणि ते चित्रीकरण करणाराही प्रवासीच होता! याच्या उलट, २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर एक विमान पेटले, तेव्हा आतल्या ३७९ जणांना बाहेर काढता आले. ध्वनिक्षेपक बंद पडला होता. सेवकवर्ग कर्ण्यातून आणि साध्या आवाजात ओरडून सांगत होता, आणि प्रवासी ऐकत होते. ‘तुमचे कान मला द्या’ या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी पुरता कळला.

आता प्रश्न अंमलबजावणीचा. नियम आहेत आणि शिक्षाही आहेत. मार्च २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या एका खासदाराने विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारल्याचे प्रकरण गाजले. त्यानंतर त्याच वर्षी सप्टेंबरात बेशिस्त प्रवाशांसाठी तीन पायऱ्यांचा नियम आला. तोंडी दांडगाईला तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, अंगावर हात टाकल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवावर बेतणाऱ्या वर्तनाला दोन वर्षे किंवा अधिक. कप्तानाने तक्रार करायची, निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीने तीस दिवसांत निर्णय द्यायचा. कप्तानाची कायदेशीर सूचना न पाळणे हेसुद्धा बेशिस्तीतच मोडते.

कागदावर हे उत्तम आहे. पण एका फोनसाठी कप्तान तक्रार लिहील, समिती बसेल, महिनाभर सुनावणी होईल, हे कुणाला खरे वाटते? शिक्षा इतकी मोठी की ती कुणी देणारच नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. नियम मोडणाऱ्याला आणि नियम सांगणारीलाही. मध्ये दुसरी काही पायरीच नाही. मग उरते ती एकटी मुलगी. आपल्याकडच्या नियमानुसार पन्नास आसनांपर्यंतच्या विमानाला एक सेविका पुरते. तिने सामान लावायचे, पट्टे पाहायचे, दार बंद करायचे, आणि शेठजींचा सौदाही थांबवायचा. विमान हलू लागले की तिला स्वतः पट्टा बांधून बसावेच लागते. म्हणून जिथे शब्द चालतो तिथे, म्हणजे माझ्यासारखीवर, ती तो चालवते. त्या दिवशी मला तिचा राग आला होता. आज दया येते.

आम्हाला अर्थशास्त्रात ‘फुकट्या’चा प्रश्न शिकवतात. सर्वांनी मिळून पाळायच्या गोष्टीत एकाने कसूर केली तर त्याचा फायदा पूर्ण, आणि तोटा मात्र सगळ्यांत वाटला जातो. कापडवाल्या गृहस्थांचा सौदा झाला असेल तर त्यांचे चार पैसे वाढले. त्या चार पैशांची जोखीम मात्र पन्नास जणांनी उचलली, आणि तिची किंमत कुणी कुणाला विचारली नाही. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हा हिशेब पटण्यासारखा नाही; जमेला एक नाव आणि खर्चाला पन्नास.

आणि फुकटे केवळ विमानातच बसतात असेही नव्हे. सुरतेची धावपट्टी २,९०५ मीटर लांब आहे. पण वेसूच्या बाजूला उंचीची मर्यादा ओलांडणाऱ्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या बाजूने उतरणाऱ्या विमानांना तिचा सगळा उपयोग होईनासा झाला. प्रकरण गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेले. म्हणजे खाली काही मजले जादा चढले म्हणून वरच्याने थोडक्यात भागवायचे! म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो म्हणतात, ते हेच. लहान नियम मोडताना कुणी अडवले नाही, की मोठा नियम मोडणाऱ्याचे धैर्य वाढते. आणि मोठा मोडणारा सुटलेला दिसला, की लहान मोडणाऱ्याला लाज वाटत नाही.

मग करायचे काय? माझ्या अल्पमतीला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, कारण सांगा आणि ते खरे सांगा. ‘यंत्रणेत बिघाड होईल’ या मोघम वाक्याऐवजी ‘पुढची काही मिनिटे आमच्याकडे लक्ष द्या’ असे म्हणा. आणि विमान ज्या दोन गावांमध्ये उडते त्या गावांच्या भाषांत म्हणा. बेळगाव-सुरत विमानात मराठी, कानडी आणि गुजराती या तीन वाक्यांना मिळून मिनिटभरही लागले नसते.

दुसरी, शिक्षा लहान ठेवा, पण ती चुकू देऊ नका. रेल्वेत विनातिकीट सापडलेल्याला भाड्याखेरीज किमान २५० रुपये दंड होतो. तो जागच्या जागी घेतला जातो, त्याला समिती लागत नाही. म्हणूनच तपासनीस डब्यात चढला की आपले हात खिशाकडे जातात. विमानातल्या फोनलाही असा छोटा, ठरलेला दंड असावा. सूचना दोनदा देऊनही न ऐकणाऱ्याच्या तिकिटावर तो सरळ लागावा.

तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, नियम एकाच मापाने लावा. शाल आणि सफारी सूट यांत फरक नको. ही जबाबदारी एकट्या हवाईसुंदरीवर टाकू नये. दोनदा सांगून फोन बंद झाला नाही तर कप्तानाने विमान जागीच उभे ठेवावे आणि का उभे आहे ते सर्वांना सांगावे. मग उरलेले एकोणपन्नास जणच त्या एकाला गप्प करतील. आपल्या समाजात कायद्यापेक्षा शेजाऱ्याच्या नजरेला माणूस अधिक भितो.

परतीच्या प्रवासात आजी सुरतेला अप्पांजवळ राहिली, मी एकटी आले. विमान वेगळे होते, हवाईसुंदरीही वेगळी. सूचना झाली आणि मी फोन बंद करून पिशवीत टाकला. शेजारच्या मुलाने विचारले, “फ्लाइट मोड पुरे की, पूर्ण बंद कशाला?” त्याचे म्हणणे नियमाप्रमाणे बरोबर होते. मी त्याला आजीचे उत्तर सांगितले. तो थोडा हसला. फोन त्याने बंद केला नाही, पण कानांतली बोंडे मात्र काढून ठेवली.

माझ्या मते तेवढे पुरेसे आहे. सुरुवात कानांपासून व्हावी.

— द्वितीय वर्ष, वाणिज्य